कोरा रकाना

सावकाश वाचा. एखाद्या वाक्यापाशी थांबावेसे वाटले तर थांबा, पुढचे वाक्य कुठे पळून जात नाही. जवळ कागद आणि पेन्सिल असू द्या, शेवटाकडे लागेल.

आता मनाने गोंदिया तालुक्यात या, परसवाड्याच्या तलावावर. पाळीवर बसा. जून महिना आहे. पाऊस तोंडावर आला आहे, पण पडलेला नाही. उजाडायचे आहे. उन्हाळ्याने तलावाचे पाणी मागे सरले आहे, काठचा चिखल उघडा पडला आहे आणि त्याच्या पलीकडे धानाच्या बांधी रोवणीची वाट पाहत आहेत. या जिल्ह्यात पाणी शोधावे लागत नाही. कोहळी समाजाने पिढ्यानपिढ्या बांधलेले तलाव, ज्यांना आज माजी मालगुजारी किंवा नुसतेच ‘मामा’ तलाव म्हणतात, आणि शेताशेतांतल्या बोड्या यांनी हा मुलूख भरलेला आहे. याच पाण्याच्या आणि धानाच्या आधाराने सारस इथे टिकला. महाराष्ट्रात सारस पाहायचा तर गोंदियाला यावे लागते. भंडाऱ्यात तो अगदी तुरळक उरला आहे, आणि राज्याची हद्द ओलांडली की बालाघाटात आहे. उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच असलेला, मान ताठ केली की माणसाच्या बरोबरीला येणारा हा पक्षी. पण जिल्ह्यातली त्याची संख्या शंभराच्या बरीच आत. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्या संरक्षणाची स्वतःहून दखल घेतली, ती या घटत्या संख्येमुळेच. म्हणून इथे एकेक पक्षी मोजला जातो. पावसाळ्याआधी वन विभागाचे लोक, स्वयंसेवक आणि शेतकरी पहाटेच वेगवेगळ्या तलावांवर जाऊन बसतात आणि मोजतात.

आज तुम्ही त्यांच्यातले एक आहात असे धरा. मांडीवर तक्ता आहे. तलावाचे नाव लिहून झाले आहे, वेळ लिहून झाली आहे. त्यापुढचा रकाना सारसांच्या संख्येचा. तो कोरा आहे.

या कोऱ्या रकान्याकडे थोडा वेळ नुसते पाहत राहा.

त्यात शून्य लिहिलेले नाही. शून्य हे एक उत्तर आहे, आणि तेही भरभक्कम उत्तर: इथे सारस नाही, मी पाहिले, खात्री केली, लिहिले. कोरा रकाना तसे काहीच म्हणत नाही. तो एवढेच सांगतो की अजून काही कळलेले नाही. घाईत असलेला माणूस या दोहोंची गल्लत सहज करतो. अंधारात काही दिसले नाही म्हणून शून्य लिहून टाकतो, आणि अर्ध्या तासाने चिखलातून दोन लांब पाय चालत येतात. आपल्याला ज्या गणिताकडे जायचे आहे त्याची सुरुवात ही गल्लत न करण्यापासून होते. त्याला डोमेन थिअरी म्हणतात. संगणकशास्त्र आणि तर्कशास्त्र यांच्या सीमेवर ते गेली पन्नासहून अधिक वर्षे उभे आहे.

आता संगणकासमोर बसल्याची कल्पना करा. तुम्ही एक प्रोग्राम चालवला आहे. पडद्यावर काही आलेले नाही. प्रोग्राम काम करतो आहे की चक्रात अडकला आहे, हे बाहेरून दिसत नाही. आणखी एक मिनिट थांबलात तर उत्तर येईल. किंवा जन्मभर थांबलात तरी येणार नाही. अॅलन ट्युरिंगने १९३६ मध्ये सिद्ध केले की दिलेला कोणताही प्रोग्राम कधीतरी थांबेल की नाही, हे सर्व प्रोग्रामांसाठी अचूक सांगेल अशी एकच रीत असूच शकत नाही. म्हणजे ही वाट पाहण्याची अवस्था आपल्या अज्ञानामुळे आलेली तात्पुरती अडचण नव्हे. गणना नावाच्या गोष्टीच्या पोटातच ती आहे. मग प्रोग्रामचा अर्थ सांगणाऱ्या गणितात तिला जागा द्यायलाच हवी. डोमेन थिअरी ती जागा देते. संख्या जशा मूल्ये आहेत तसे ‘अजून काही नाही’ हेही एक मूल्य, असे ती मानते आणि त्याला सगळ्यांच्या खाली बसवते. त्याचे नाव तळ. लिहिताना रोमन ‘टी’ उलटा करून काढतात.

तळ या शब्दावर मन ठेवा. त्यात उणेपणा ऐकू येत असेल तर तो बाजूला ठेवा. घराचा पाया खाली असतो तसा हा खाली आहे. कोणतेही उत्तर यायचे ते इथूनच वर येते.

थोडे उजाडले आहे. समोरच्या गवतात काहीतरी हलते आहे. पक्षी आहेत, मोठे आहेत, सारसच आहेत, पण किती ते कळत नाही. नक्की दोन आहेत. पाचांहून जास्त नसावेत, कारण तेवढी जागाच नाही. तुम्ही मनाशी म्हणता: दोन ते पाच. थोड्या वेळाने एक उंच गवताबाहेर येतो आणि उरलेल्यांचा अंदाज बसतो: तीन ते चार. आणखी उजेड होतो. दोन प्रौढ दिसतात, डोक्याची आणि मानेची वरची कातडी लाल. आणि त्यांच्यामागे तपकिरी डोक्याचे एक पिल्लू, मागच्या पावसाळ्यातले. तीन.

‘दोन ते पाच’, ‘तीन ते चार’, ‘तीन’. या तिन्हींत एकही खोटे नव्हते. पहिले दुसऱ्याच्या विरुद्ध नव्हते. दुसऱ्याने पहिल्यापेक्षा अधिक सांगितले, एवढेच. या ‘अधिक सांगणे’ला गणितात क्रम म्हणतात. इथे लहान-मोठे हे संख्येच्या आकाराने ठरत नाही. तीन हा दोनपेक्षा वर नाही आणि चारच्या खालीही नाही. तीन वर आहे तो ‘तीन ते चार’च्या, ‘तीन ते चार’ वर आहे ‘दोन ते पाच’च्या, आणि ‘दोन ते पाच’ कोऱ्या रकान्याच्या वर आहे. पट्टा जितका आवळत जातो तितके तुम्ही वर चढता.

हीच चढण शाळेत तुम्ही एकदा चढला आहात. दोनचे वर्गमूळ काढताना. ते १ आणि २ च्या मध्ये आहे, मग १.४ आणि १.५ च्या मध्ये, मग १.४१ आणि १.४२ च्या, मग १.४१४ आणि १.४१५ च्या. हे कधी संपत नाही. कोणत्याही टप्प्यावर हातात असतो तो एक पट्टा, आणि तरीही या सर्व पट्ट्यांच्या मागे एकच संख्या आहे. चढत जाणाऱ्या माहितीला, ती कितीही लांब चालली तरी, एक शिखर असते: त्या सगळ्या पायऱ्यांनी मिळून जेवढे सांगितले बरोबर तेवढेच सांगणारी, एक अक्षरही जास्त न सांगणारी वस्तू. डोमेन म्हणजे, थोडक्यात, अशी व्यवस्था जिच्यात तळ आहे, क्रम आहे आणि अशा प्रत्येक चढणीला तिचे शिखर आहे. व्याख्या इतकीच. तिचे पुढचे बारकावे तज्ज्ञांसाठी आहेत आणि ते पुष्कळ आहेत.

एक गोष्ट मात्र नजरेतून सुटू नये. तुमच्या शेजारी बसलेल्याने ‘चार’ लिहिले आणि तुम्ही ‘तीन’, तर या दोहोंच्या वर काहीच नाही. दोन्ही सामावून घेऊन अधिक सांगेल असे तिसरे उत्तर नसते. ‘दोन ते तीन’ आणि ‘तीन ते पाच’ यांचे मात्र जुळते. दोघांचे मिळून तीन होते. दोन माहित्या एकमेकींशी जुळतात म्हणजे काय, याचे याहून स्वच्छ उत्तर मला दुसरीकडे मिळालेले नाही: दोघींच्या वर काही असले तर त्या जुळतात.

श्वास घ्या. पुढे जाऊ.

तक्त्यावर एकदा ‘सारस दिसला’ अशी खूण केलीत. नंतर दिवसभरात आणखी काहीही दिसले, पक्षी उडून गेले, ढग आले, तरी ती खूण खोडावी लागणार नाही. उलट ‘इथे सारस नाही’ असे लिहिले असते तर ते पुढच्या क्षणाला खोडावे लागले असते. ‘आहे’ला एक दर्शन पुरते, ‘नाही’ला कितीही वेळ बसलात तरी पुरत नाही. ज्यांना मर्यादित निरीक्षणाने दुजोरा मिळू शकतो त्या गोष्टी एका बाजूला, बाकीच्या दुसऱ्या बाजूला. पहिल्या प्रकारच्या गोष्टी मिळून जी रचना बनते तिला गणितात संस्थिती म्हणतात, आणि या संस्थितीला डेना स्कॉट या तर्कशास्त्रज्ञाचे नाव आहे. तिच्यातली सर्वांत लहान अर्थपूर्ण वस्तू दोनच बिंदूंची: खाली ‘अजून दिसले नाही’, वर ‘दिसले’. पोलिश गणितज्ञ वात्स्वाव शेरपिन्स्की यांच्या नावाने तिला ओळखतात. दोन बिंदू, आणि त्यांच्यात एकच वाट, खालून वर. वरून खाली येण्याची वाट नाही.

यावरून प्रोग्रामवर एक बंधन येते. प्रोग्रामला अधिक माहिती दिली तर त्याचे उत्तर तेच राहावे किंवा अधिक सांगणारे व्हावे. आधी दिलेले उत्तर मागे घ्यावे लागू नये. हे बंधन मोडणारा प्रोग्राम कसा असेल? तो कोऱ्या रकान्याकडे पाहून म्हणेल, ‘हा कोराच राहणार आहे, शून्य लिहा’. पण ‘अजून आले नाही’ आणि ‘कधीच येणार नाही’ यांतला फरक बाहेरून ओळखणे म्हणजेच ट्युरिंगने अशक्य ठरवलेले काम. तेव्हा हे बंधन कोणी वरून लादलेले नाही. गणनेचा स्वभावच तसा आहे.

याच्याच पुढचे दुसरे बंधन आहे, ते अधिक नाजूक. अनंत माहितीवर चालणाऱ्या प्रोग्रामने उत्तराचा एखादा तुकडा दिला असेल, तर तो तुकडा देण्यापुरती त्याने माहितीची मर्यादितच बाजू पाहिलेली असते. दोनचे वर्गमूळ १.४ पेक्षा मोठे आहे का, असे विचारा. १.४१ ते १.४२ हा पट्टा हाती आला की ‘हो’ म्हणता येते. पुढचे अंक लागत नाहीत. आता विचारा, समोरून एकेक अंक देत येणाऱ्या दोन संख्या तंतोतंत समान आहेत का? हजार अंक जुळले. लाख जुळले. तरी ‘हो’ म्हणण्याचा क्षण येत नाही. मर्यादित उत्तरामागे मर्यादितच पुरावा असतो, याला गणितात संततता म्हणतात, आणि शाळेतल्या आलेखातली न तुटणारी रेघ हीच मूळ कल्पना तिथे दुसऱ्या वेशात असते. मला हे जेव्हा जेव्हा आठवते तेव्हा नवल वाटते: यंत्राची मर्यादा आणि रेघेची अखंडता एकाच व्याख्येत बसतात.

आता कागद घ्या. एक नियम लिहा. ब हे एक फलन आहे. शून्यासाठी ब चे मूल्य शून्य. आणि इतर कोणत्याही संख्येसाठी ब चे मूल्य म्हणजे ती संख्या अधिक तिच्या आधीच्या संख्येसाठीचे ब चे मूल्य. ही पहिल्या काही संख्यांची बेरीज आहे, तुम्ही ओळखली असेल. पण नियम पुन्हा वाचा. ब म्हणजे काय हे सांगताना त्यात ब च वापरलेला आहे. ज्याची ओळख करून द्यायची तोच ओळख करून देतो आहे. तर्काच्या दृष्टीने हे चालते कसे? प्रोग्राम लिहिणारे हे दिवसभर करत असतात आणि ते चालते. पण चालते म्हणून बरोबर, हे उत्तर समाधान देत नाही.

म्हणून तक्ता कोरा मांडा. वर ०, १, २, ३, ४ असे आकडे. खाली ब ची मूल्ये, सगळे रकाने कोरे. हे ब विषयीचे आपले पहिले ज्ञान: काहीच नाही. आता हा कोरा तक्ता नियमात घाला. शून्यासाठी नियमाला कोणाचीच मदत लागत नाही. तिथे ० भरला जातो. एकसाठी त्याला आधीच्या तक्त्यातले शून्याचे मूल्य हवे होते, ते कोरे होते, म्हणून एकही कोराच. दुसरा तक्ता तयार झाला: ०, आणि पुढे सगळे कोरे. हा पुन्हा नियमात घाला. आता एकला आधार मिळाला: ०, १, पुढे कोरे. पुन्हा: ०, १, ३. पुन्हा: ०, १, ३, ६. पुन्हा: ०, १, ३, ६, १०.

इथे पेन्सिल थांबवा आणि काय झाले ते पाहा. प्रत्येक तक्ता आधीच्या तक्त्याच्या वर आहे. भरलेले काही बदलले नाही, फक्त कोरे भरत गेले. एकाही तक्त्यात ब पूर्ण नाही. तरी या चढणीला शिखर आहे, आणि ते शिखर म्हणजेच ब. आता त्या पूर्ण तक्त्याला नियमात घाला. तोच तक्ता परत मिळतो. नियमाने ज्याला हात लावला तरी जो बदलत नाही, तो नियमाचा स्थिरबिंदू. स्वतःचाच उल्लेख करणाऱ्या व्याख्येचा अर्थ असा सापडतो: कोऱ्यापासून निघा, नियम लावत राहा, शिखर घ्या. या युक्तिवादामागे जुने निकाल आहेत. ब्रोनिस्वाव क्नास्टर आणि आल्फ्रेड तार्स्की यांचा स्थिरबिंदूचा निकाल, जो तार्स्कीने १९५५ मध्ये व्यापक रूपात प्रसिद्ध केला, आणि स्टीफन क्लेनीचे पुनरावर्ती फलनांवरचे काम. जुन्या निकालांना प्रोग्रामच्या अर्थाशी जोडणे हे पुढच्यांचे.

आता दुसरा नियम लिहा, आणि याच्यापाशी जरा जास्त वेळ बसा. क चे कोणत्याही संख्येसाठीचे मूल्य म्हणजे तिच्या पुढच्या संख्येसाठीचे क चे मूल्य. एवढेच. कोरा तक्ता घाला. शून्याला एकचे मूल्य हवे, ते कोरे. एकला दोनचे हवे, तेही कोरे. बाहेर येतो तो पुन्हा कोराच तक्ता. शंभर वेळा घातला तरी कोराच. शिखर कोरे.

पण थांबा. सगळ्या रकान्यांत ५ लिहून पाहा. नियम मोडतो का? शून्याचे मूल्य ५, एकचे ५, बरोबर बसते. सगळीकडे शून्य लिहा, तेही बसते. सगळीकडे ७२ लिहा. या नियमाचे स्थिरबिंदू असंख्य आहेत, आणि त्यांतला एकही नियमाशी भांडत नाही. मग आपण कोरा तक्ताच का घेतला? कारण पाच हा आकडा नियमाने सांगितलेला नाही. तो आपण बाहेरून आणला. संगणकही हा प्रोग्राम चालवला तर पाच सांगणार नाही. तो पुढच्या, त्याच्या पुढच्या संख्येकडे जात राहील. सर्व स्थिरबिंदूंतला सर्वांत खालचा, म्हणजे नियमातून सक्तीने जेवढे निघते तेवढेच सांगणारा, हाच प्रोग्रामचा खरा अर्थ. विरोध नाही म्हणून एखादी गोष्ट खरी मानायची नाही. तिच्यामागे पायऱ्या असल्या पाहिजेत, आणि त्या कोऱ्यापासून सुरू झाल्या पाहिजेत. तलावावर बसलेल्या प्रामाणिक माणसाचीही हीच शिस्त असते. मागच्या वर्षी इथे तीन होते, यंदाही असतील, कोण नाही म्हणणार. तरीही तो न पाहता तीन लिहीत नाही. या ‘सर्वांत खालचा’ शब्दासाठी मला डोमेन थिअरी प्रिय आहे.

ही शिस्त रोजच्या उपयोगाचीही आहे. आपण लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत नेणाऱ्या कंपायलरला विचारावे लागते की अमुक ठिकाणी अमुक चलाचे मूल्य पुढे कधी वापरले जाण्याची शक्यता आहे का. ती असेल तर चल जिवंत. नसेल तर त्याची जागा दुसऱ्याला देता येते. कंपायलर सुरुवातीला प्रत्येक ठिकाणी रिकामी यादी धरतो, प्रोग्राममधून उलट्या दिशेने फेऱ्या मारतो, दर फेरीत पुरावा मिळेल तेवढी नावे यादीत घालतो, आणि एका फेरीत काहीच वाढले नाही की थांबतो. चलांची संख्या मर्यादित, म्हणून थांबणे नक्की. पवईच्या आयआयटीत उदय खेडकर यांनी या विषयावर दीर्घकाळ काम केले. दोन सहलेखकांबरोबर त्यांनी लिहिलेला डेटा फ्लो अॅनालिसिसवरचा जाडजूड ग्रंथ २००९ मध्ये आला.

पुन्हा तलावांकडे या. परसवाड्याला तुम्ही आहात, झिलमिलीच्या तलावावर तुमचा मित्र आहे. गोंदियाला एक जण बसला आहे आणि त्याला एकच प्रश्न आहे: या दोहोंपैकी कुठेतरी सारस दिसला का? समजा त्याची पद्धत अशी की आधी परसवाड्याचे उत्तर घ्यायचे, मगच झिलमिलीला विचारायचे. तुमच्याकडून उत्तर आलेच नाही तर तो तिथेच अडकतो, झिलमिलीला जोडी समोर नाचत असली तरी. क्रम उलटा केला तर झिलमिलीवर अडकेल. दोन्हीकडे एकाच वेळी कान ठेवला तरच सुटका.

गॉर्डन प्लॉटकिनने १९७७ मध्ये नेमकी हीच गोष्ट प्रोग्रामांच्या संदर्भात दाखवली. दोन्हीकडे एकदम कान ठेवणारे हे फलन स्कॉटच्या गणितात निर्दोष आहे: ते आधीचे उत्तर मागे घेत नाही आणि ते संततही आहे. पण एकामागून एक पावले टाकणाऱ्या साध्या भाषेत ते लिहिताच येत नाही. म्हणजे गणिताच्या घरात असे रहिवासी निघाले जे भाषेच्या दारातून कधी आत आलेच नव्हते. भाषेला बरोबर बेतलेले घर बांधायचे कसे, हा प्रश्न पुढे बरीच वर्षे चालला. १९९०च्या दशकात सॅमसन अब्राम्स्की, राधा जगदीशन आणि पास्क्वाले मालाकारिया यांनी, आणि स्वतंत्रपणे मार्टिन हायलंड व ल्यूक ऑंग यांनी, प्रश्नोत्तरांच्या खेळाच्या रूपाने त्याला नवी वाट काढली. तो वेगळा विषय आहे.

आता शेवटची चढण. ती कठीण आहे, दमाने घ्या.

१९३० च्या दशकात अलोन्झो चर्चने लॅम्डा कॅल्क्युलस मांडला. त्यात सगळेच फलन. फलनाला जे द्यायचे तेही फलन, मिळते तेही फलन. फलन स्वतःलाच दिले तरी चालते. पण याचा अर्थ लावायला गेलात तर एक संच लागतो ज्याचे घटक म्हणजे त्याच संचावरची सगळी फलने, आणि गणितज्ञ कांटरने केव्हाच दाखवले होते की संचावरची फलने संचापेक्षा नेहमी जास्त भरतात. एकाहून अधिक घटक असले की ती मावत नाहीत.

१९६९च्या शरदात स्कॉट ऑक्सफर्डला आला, क्रिस्टोफर स्ट्रॅचीबरोबर काम करायला. स्ट्रॅचीला प्रोग्रामिंगच्या भाषांना गणिती अर्थ द्यायचा होता आणि तो लॅम्डा कॅल्क्युलस मोकळेपणाने वापरत होता. स्कॉट चर्चचाच विद्यार्थी. १९५८ मध्ये प्रिन्स्टनला त्याच्याच हाताखाली पीएच.डी. झालेला. ऑक्टोबरमध्ये त्याने एक टिपण लिहिले: असा बंधनमुक्त लॅम्डा कॅल्क्युलस सोडून द्या, त्याला गणिती अर्थ नाही, प्रकारांची शिस्त असलेली पद्धत घ्या. त्या टिपणातच त्याने क्रम, तळ, संततता हे सगळे मांडले होते. आणि नोव्हेंबरमध्ये त्याच हत्यारांनी त्याने ज्याला अर्थ नाही म्हटले होते त्याचाच अर्थ उभा केला. ऑक्टोबरचे टिपण हातोहात फिरत राहिले. छापून आले १९९३ मध्ये. दरम्यान तिकडे नोवोसिबिर्स्कला युरी एर्शोव स्वतंत्र वाटेने याच्या जवळच पोचला होता.

स्कॉटची किल्ली अशी: सगळी फलने घेऊ नका, फक्त संतत घ्या. ती पुष्कळ कमी असतात. आणि एकदम पूर्ण घर बांधू नका, तळापासून चढा.

पेन्सिल पुन्हा हातात घ्या. दोन बिंदू काढा, खाली ० आणि वर १. इथे ० म्हणजे तळ. या दोघांना दोघांकडे नेणारी फलने चार. दोन्हींना ० देणारे. दोन्हींना १ देणारे. जसेच्या तसे ठेवणारे. आणि अदलाबदल करणारे. चौथे खोडा: ते ‘अजून नाही’ पाहून ‘हो’ म्हणते आणि ‘हो’ पाहून मागे घेते. राहिली तीन. ती एकावर एक बसतात: तळाशी नेहमी ० देणारे, मध्ये जसेच्या तसे ठेवणारे, वर नेहमी १ देणारे. तीन पायऱ्यांची शिडी. पहिली दोन बिंदूंची शिडी या नव्या शिडीत मावते, आणि नवी शिडी जुन्यावर परत आवळता येते. हे जाणे-येणे हीच सारी युक्ती.

आता या तीन पायऱ्यांवरची फलने घ्या. पायऱ्यांना ०, १, २ म्हणा. प्रत्येक फलन म्हणजे तीन आकडे, आणि ते उतरता कामा नयेत. ०००, ००१, ००२, ०११, ०१२, ०२२, १११, ११२, १२२, २२२. दहा झाली. या दहांवरची फलने हा पुढचा मजला, त्यांच्यावरची त्याच्या पुढचा, आणि या कधी न संपणाऱ्या मजल्यांचे शिखर म्हणजे ती वस्तू जिच्यावरची संतत फलने म्हणजे ती वस्तूच. तिथे फलन स्वतःला दिले जाऊ शकते, आणि प्रत्येक मजल्यावरून त्याची जेवढी झलक दिसते तेवढ्या झलकांनी मिळून त्याचे उत्तर ठरते.

शिखराकडे आत्ता पाहू नका. त्या दहांपाशीच राहा. खाली ०००, वर २२२, मधली आठ कोण कोणाच्या वर ते रेघांनी जोडायला लागा. ००१ च्या वर ००२ येते आणि ०११ ही येते. आता ००२ आणि ०११ शेजारी ठेवून एकेक आकडा ताडून पाहा. शेवटच्या जागी ००२ अधिक सांगते, मधल्या जागी ०११. दोघांपैकी कोणीही दुसऱ्याच्या वर नाही. पण दोघांच्या वर ०१२ आहे, म्हणजे दोन्ही जुळतात. इथे पहिल्यांदाच शिडी फुटून दोन वाटा झाल्या. अशी आणखी दोन ठिकाणे या दहांमध्ये आहेत.